याइझूच्या किनाऱ्यावरचा पाहुणा

१८९७ सालच्या उन्हाळ्यात टोकियोच्या शाही विद्यापीठातील एक अध्यापक समुद्रस्नानासाठी जागा शोधत कुटुंबासह निघाले होते. बुटकी अंगकाठी, निकामी झालेला डावा डोळा, सतत ताण पडून मोठा दिसू लागलेला उजवा डोळा आणि चेहरा परदेशी. नाव मात्र अस्सल जपानी, कोइझुमी याकुमो. प्रथम त्यांनी माइसाकाचा किनारा पाहिला. तिथला समुद्र उथळ होता. मुलाबाळांना घेऊन आलेल्या कुणालाही तो आवडला असता. या गृहस्थांना तो मुळीच पसंत पडला नाही. मग ते याइझू नावाच्या कोळ्यांच्या गावात उतरले. तिथे मऊ वाळूचा किनारा नव्हताच. लाटांपासून गाव वाचवण्यासाठी रचलेला दगडांचा बांध, त्यापलीकडे गोट्यांचा उतार आणि तो संपताच एकदम खोल होणारा सुरुगाचा उपसागर. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला फुजी पर्वत. हे पाहून स्वारी प्रसन्न झाली. मासळी विकणाऱ्या यामागुची ओतोकिची यांच्या दुकानावरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला आणि पुढे मृत्यूच्या वर्षापर्यंत एकूण सहा उन्हाळे तिथेच काढले.

हे गृहस्थ जगाला लाफ्काडिओ हर्न या नावाने माहीत आहेत. जपानमधील भुताखेतांच्या कथा ‘क्वाइदान’ या संग्रहातून इंग्रजीत नेणारे लेखक ही त्यांची मुख्य ओळख. पण हर्न यांच्या आयुष्याचा नकाशा काढायला बसले तर तो किनाऱ्यांचाच नकाशा निघतो. जन्म बेटावर, बालपणीचे थोडे सुखाचे दिवस किनाऱ्यावर, लेखक म्हणून पहिली झेप किनाऱ्यावर आणि अखेरचा विसावाही किनाऱ्यावरच. जपानच्या सागरतीरांवर सुटी घालवण्याचा बेत आखणाऱ्यासाठी त्यांच्यासारखा वाटाड्या विरळाच. मात्र हा वाटाड्या केवळ रम्य स्थळे दाखवत नाही, त्या स्थळांना घर मानणारी माणसेही दाखवतो.

बेटाचे नाव लाभलेला मुलगा

२७ जून १८५० रोजी ग्रीसच्या पश्चिमेकडील लेफकादा बेटावर हर्न यांचा जन्म झाला. ही बेटे तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. वडील चार्ल्स हर्न हे ब्रिटिश सैन्यातील आयरिश डॉक्टर, आई रोझा ही किथिरा बेटावरची ग्रीक तरुणी. मुलाला नाव दिले गेले ते बेटाचेच. दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन डब्लिनला सासरी आली. थंड हवा, अनोळखी भाषा, वेगळा पंथ आणि दूरदेशी नोकरीवर असलेला नवरा यांच्यात तिचा जीव रमला नाही. १८५४ मध्ये ती मुलाला मागे ठेवून ग्रीसला परतली. चार वर्षांच्या त्या मुलाला आई पुन्हा कधीच दिसली नाही. १८८२ मध्ये कोर्फू बेटावरील मनोरुग्णालयात तिचा अंत झाला.

वडिलांनी तो विवाह रद्द करवून घेतला, १८५७ मध्ये दुसरे लग्न केले आणि नव्या पत्नीसह ते नोकरीवर हिंदुस्थानात निघून गेले. १८६६ मध्ये तिथून परतताना सुएझच्या आखातात बोटीवरच हिवतापाने त्यांचा मृत्यू झाला. आईवडील हयात असूनही अनाथ झालेल्या या मुलाचा सांभाळ सारा ब्रेनन या श्रीमंत विधवा आजीने, म्हणजे वडिलांच्या मावशीने केला. डब्लिनच्या मोठ्या घरात त्याला अंधाराची आणि भुतांची भीती वाटे. उन्हाळ्यात मात्र आजी त्याला आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ट्रामोर येथे नेई. लांबच लांब वाळू आणि अटलांटिकच्या लाटा. तिथेच तो पोहायला शिकला. पुढे सारे आयुष्य त्यांच्या हाताशी राहिलेले धन हेच, पाण्यात निर्धास्त शिरण्याचे.

वयाच्या सोळाव्या वर्षी इंग्लंडमधील निवासी शाळेत खेळताना डाव्या डोळ्याला इजा झाली आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. उरलेला डोळाही अधू होता. त्यानंतरच्या छायाचित्रांत हर्न बहुधा मान वळवून किंवा नजर झुकवून बसलेले दिसतात, ते हा डोळा लपवण्यासाठी. याच सुमारास आजीचे दिवाळे वाजले, शिक्षण सुटले आणि १८६९ मध्ये, एकोणीस वर्षांच्या वयात, त्यांची रवानगी अमेरिकेला झाली.

उद्ध्वस्त किनाऱ्याची कादंबरी

सिनसिनाटी शहरात उपासमार सोसून हर्न वार्ताहर झाले. खून, दारिद्र्य आणि नदीकाठच्या कृष्णवर्णीय मजुरांची वस्ती हे त्यांच्या बातम्यांचे विषय. १८७४ मध्ये त्यांनी मॅटी फॉली या कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह केला. तिथल्या कायद्याने असा विवाह निषिद्ध होता. नोकरी गेली आणि तो संसारही टिकला नाही. १८७७ मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला गेले आणि तिथे दहा वर्षे राहिले.

१८८४ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातातील ग्रँड आइल या बेटावर त्यांनी सुटी घालवली आणि ट्रामोरनंतर हरवलेला समुद्र पुन्हा सापडला. तिथेच त्यांना जवळच्या लास्ट आयलंडची हकीकत कळली. श्रीमंतांचे हे आवडते विहारस्थान ऑगस्ट १८५६ मधील वादळात सुटीसाठी आलेल्या माणसांसह वाहून गेले होते. या घटनेवर हर्न यांनी ‘चिता’ ही कादंबरी लिहिली. १८८९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. वादळातून वाचलेली एक लहान मुलगी कोळ्याच्या घरी वाढते, हे तिचे कथानक. आईविना वाढलेल्या लेखकाने ते का निवडले असेल, हे सांगायला नको. सुंदर किनारा आणि जीवघेणा किनारा हे दोन वेगळे किनारे नसतात, ही जाणीव त्यांच्या लेखनात इथून पुढे कायम राहिली.

१८८७ पासून दोन वर्षे ते कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर होते. तिथले सेंट पिएर हे गाव त्यांना फार प्रिय. १९०२ मध्ये पेले ज्वालामुखीच्या उद्रेकात ते गाव राख झाले, तेव्हा हर्न जपानमध्ये होते.

जिथे देव समुद्रातून येतात

४ एप्रिल १८९० रोजी हर्न योकोहामा बंदरात उतरले. एका अमेरिकी मासिकासाठी लेख लिहिणे एवढेच काम होते. प्रकाशकांशी त्यांचे लवकरच बिनसले, पण जपान सोडण्याचा विचार मनात आला नाही. सुरुवातीच्या भटकंतीतच त्यांनी कामाकुरा आणि एनोशिमा पाहिले. ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्याने जमिनीशी जोडले जाणारे एनोशिमा हे बेट बेंझाइतेन देवीचे. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. वीणा तिथे बिवा झाली आणि नदीची देवता समुद्राकाठी स्थिरावली. टोकियोहून सव्वा-दीड तासात गाठता येणारे हे बेट आज राजधानीकरांच्या सुटीचे हक्काचे ठिकाण आहे. १९६४ च्या आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती तिथेच झाल्या.

बेसिल हॉल चेंबरलेन या जपानच्या अभ्यासकाच्या मदतीने हर्न यांना मात्सुए येथे शाळाशिक्षकाची नोकरी मिळाली. ऑगस्ट १८९० मध्ये ते या गावी पोहोचले. जपानी समुद्राला लागून असलेला हा इझुमो प्रांत म्हणजे जपानी पुराणकथांची भूमी. पंधरा महिन्यांच्या तिथल्या वास्तव्यात हर्न यांनी जे किनारे पाहिले, तेच पुढे त्यांच्या जपानविषयक पहिल्या मोठ्या ग्रंथाचे प्राण ठरले. ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफमिलियर जपान’ हा तो दोन खंडांचा ग्रंथ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातील पहिला किनारा इनासाचा. इझुमोच्या प्राचीन महामंदिरापासून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटे चालले की हा वाळूचा किनारा लागतो. वाळूतच एक मोठा खडक आणि त्यावर चिमुकले देऊळ. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव समुद्रमार्गे इथे उतरतात आणि महामंदिरात त्यांची सभा भरते, अशी श्रद्धा आहे. म्हणून इतरत्र या महिन्याला देव नसलेला महिना म्हणतात आणि इझुमोत देव असलेला. सप्टेंबर १८९० मध्ये महामंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत प्रवेश मिळालेले हर्न हे पहिले पाश्चात्त्य ठरले. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा इथे आले, किनाऱ्यालगतच्या खाणावळवजा सरायीत राहिले आणि मित्र निशिदा सेन्तारो यांच्यासह रोज समुद्रात पोहले. इथला सूर्यास्त पाहण्यासाठी आजही लोक मुद्दाम थांबतात.

मिहोनोसेकी या बंदरात त्यांना गमतीशीर प्रथा आढळली. तिथे अंडे मिळत नसे आणि कोंबडी पाळली जात नसे. बंदराचा देव कोतोशिरोनुशी याचा कोंबड्यावर राग. कोंबड्याच्या चुकीमुळे पहाटे घाईने परतताना देवाचे वल्हे हरवले, हाताने पाणी मारावे लागले आणि माशांनी हाताचा चावा घेतला, अशी कथा सांगितली जाई. गावात येणाऱ्या पाहुण्यालाही अंडे वर्ज्य. हर्न यांनी हा नियम हसत हसत पाळला.

मात्सुएच्या उत्तरेला काका गावाजवळ समुद्रगुहा आहेत. पैकी एक गुहा मृत बालकांची. दगडावर दगड रचून केलेले शेकडो लहान मनोरे, मध्ये जिझोची मूर्ती. जिझो म्हणजे संस्कृतमधील क्षितिगर्भ बोधिसत्त्व, अकाली गेलेल्या लेकरांचा सांभाळ करणारा. ही लेकरे रात्री येऊन दगड रचतात आणि सकाळी वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे दिसतात, असे बोटीवरची माणसे सांगत. एकही मनोरा धक्का लागून पडू नये म्हणून जपून पावले टाकणाऱ्या हर्न यांनी या गुहेचे वर्णन ज्या हळुवारपणे केले आहे, त्यामागे त्यांचे स्वतःचे बालपण उभे आहे. आजही समुद्र शांत असलेल्या महिन्यांत बोटीने तिथे जाता येते.

संसाराला लागले

मात्सुएतील पहिला हिवाळा हर्न यांना बाधला. आजारपणानंतर घर सांभाळण्यासाठी कोइझुमी सेत्सु ही तरुणी आली. सामुराई घराण्यात जन्मलेली, पण नव्या राजवटीत घराण्याचे वैभव गेल्याने विणकाम करून पोट भरलेली, पहिला विवाह मोडलेली. १८९१ पासून दोघांचा संसार सुरू झाला. तिला इंग्रजी येत नव्हते, त्यांना जपानी लिपी धड वाचता येत नव्हती. दोघांनी मिळून मोडक्यातोडक्या जपानीची एक घरगुती बोली तयार केली आणि त्या बोलीत सेत्सु यांनी जुन्या पुस्तकांतील आणि ऐकीव कथा नवऱ्याला सांगितल्या. ‘क्वाइदान’मागे जितकी हर्न यांची लेखणी आहे, तितकीच सेत्सु यांची वाणी आहे. २०२५ मध्ये जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सेत्सु यांच्या जीवनावर बेतलेली दैनिक मालिका सुरू केली, ती म्हणूनच.

नोव्हेंबर १८९१ मध्ये हर्न क्युशू बेटावरील कुमामोतो येथे अध्यापक झाले. ऑगस्ट १८९२ मध्ये पतिपत्नी ओकी बेटांवर गेली. मुख्य भूमीपासून दूर असलेल्या या बेटांवर बऱ्याच लोकांनी पाश्चात्त्य माणूस पाहिलेला नव्हता. उरागो येथे त्यांना पाहायला इतकी गर्दी लोटली की लोक जागा मिळेल तिथे चढून बसले. साइगो बंदरात सुकवत घातलेल्या माकुळ मासळीचा वास दरवळत होता. हर्न यांना सर्वांत आवडली ती हिशिउराची आरशासारखी नितळ खाडी. आज ओकी बेटांना युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानाचा दर्जा आहे. तिथल्या कुनिगा किनाऱ्यावर २५७ मीटर उंचीचा मातेंगाइ कडा सरळ समुद्रात उतरतो. बोटीने अडीच तास लागत असल्याने तिथे अजूनही फारशी गर्दी नसते.

१८९३ च्या उन्हाळ्यात नागासाकीहून परतताना हर्न मिसुमी बंदरातील एका सरायीत थांबले. सरायीचे नाव होते उराशिमा. हे नाव जपानी लोककथेतील कोळ्याच्या पोराचे. कासवाला जीवदान दिल्याबद्दल तो सागरराजाच्या महालात पोहोचतो, राजकन्येशी विवाह करतो आणि काही वर्षांनी आईवडिलांच्या आठवणीने गावी परततो. तोवर पृथ्वीवर कित्येक शतके लोटलेली असतात. न उघडण्याच्या अटीवर मिळालेली पेटी तो उघडतो, धुराचा लोट निघतो आणि क्षणात म्हातारा होऊन तो कोसळतो. ही कथा हर्न यांना आयुष्यभर पुरली. मिसुमीच्या मुक्कामावरील लेखात ती सांगताना त्यांनी एका निळ्या समुद्राच्या देशाची आणि तिथे आपल्याला गोष्टी सांगणाऱ्या व्यक्तीची पुसट आठवण गुंफली आहे. ती लेफकादाची आणि आईची आठवण मानली जाते. ज्या किनाऱ्यावर परत जाता येत नाही, तो किनारा ते जपानमध्ये शोधत होते. मिसुमीचे ते बंदर २०१५ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

त्सुनामी हा शब्द

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला मुलगा काझुओ जन्मला. १८९४ मध्ये हर्न कोबे येथील इंग्रजी वृत्तपत्रात गेले, पण उरलेल्या एका डोळ्यावर ताण असह्य होऊन ते काम सोडावे लागले. पत्नी आणि मुलाला आपल्यामागे वारसा मिळावा, जपानी नागरिकत्वही टिकावे, यासाठी १८९६ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडले आणि पत्नीच्या घराण्यात दत्तक गेले. याकुमो हे नाव इझुमो प्रांताच्या जुन्या काव्यमय विशेषणावरून घेतलेले. त्याचा अर्थ आठ ढग. टाकून दिल्या गेलेल्या मुलाने बाप झाल्यावर घेतलेला हा निर्णय होता.

त्याच वर्षी १५ जून रोजी ईशान्य जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर समुद्राच्या प्रचंड लाटा आदळल्या आणि सुमारे २२ हजार माणसे मेली. पांढऱ्या खडकांमुळे बौद्धांच्या स्वर्गाचे नाव मिळालेला जोदोगाहामा हा देखणा किनारा याच भागात आहे. ११ मार्च २०११ रोजी याच सान्रिकूवर पुन्हा तोच घाला पडला. १८९६ च्या आपत्तीने हर्न यांना १८५४ मधील एक घटना आठवली. वाकायामा प्रांतातील हिरो गावात हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंज्या पेटवून त्या उजेडात गावकऱ्यांना उंचावर आणले होते. हर्न यांनी त्यावरून लिहिलेला लेख १८९७ च्या पुस्तकात समाविष्ट झाला. त्यांनी तपशील बदलले. प्रत्यक्षात पस्तिशीच्या आतले असलेले गोर्यो त्यांच्या लेखात वृद्ध झाले. पण त्सुनामी हा जपानी शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत नेणाऱ्या सुरुवातीच्या लेखनात या लेखाची गणना होते. २६ डिसेंबर २००४ नंतर तो शब्द भारतातही घरोघरी पोहोचला.

लेखात जे फारसे आले नाही ते गोर्यो यांचे पुढचे काम. घरे, बोटी आणि उपजीविका गमावलेल्या गावकऱ्यांना मजुरी मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने सुमारे ६०० मीटर लांब आणि पाच मीटर उंच बांध घातला. तो १८५८ मध्ये पुरा झाला आणि १९४६ च्या त्सुनामीत त्याने गावाचा बहुतेक भाग वाचवला. बांध आजही उभा आहे. १८५४ च्या घटनेच्या तारखेवरूनच ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवला.

मासळीवाल्याच्या माडीवर

१८९६ च्या सप्टेंबरात हर्न टोकियोच्या शाही विद्यापीठात दाखल झाले. महानगर त्यांना आवडले नाही. वर्षभर ते उन्हाळ्याची वाट पाहत. जपानमध्ये समुद्रस्नानाची चाल तेव्हा नवी होती. लष्करी वैद्य मात्सुमोतो र्योजुन यांनी प्रकृतीसाठी समुद्रस्नानाचा पुरस्कार केला आणि १८८५ मध्ये ओइसो येथे स्नानासाठी किनारा सुरू झाला. १८८९ मध्ये तोकाइदो रेल्वे पूर्ण झाली आणि बड्या मंडळींचे बंगले ओइसो, कामाकुराला उठू लागले. हायामा येथे १८९४ मध्ये सम्राटांचा प्रासाद झाला. विद्यापीठातील अध्यापकाने जायचे ते अशा ठिकाणी. हर्न गेले याइझूला.

ओतोकिचींच्या माडीचे छत ठेंगणे होते, उकाडा आणि पिसवांचा त्रास होता. सेत्सु यांना तो मुक्काम सुखाचा नव्हता. हर्न यांना मात्र तो स्वर्ग होता. ते यजमानाला आदरार्थी संबोधनाने हाक मारत आणि ओतोकिची त्यांना गुरुजी मानून दुहेरी आदराने उत्तर देत. ताजी मासळी, दिवसातून कित्येकदा पोहणे, कोळ्यांकडून ऐकलेल्या हकिगती. वादळात फळीच्या आधाराने दोन दिवस समुद्रात तग धरलेल्या इथल्याच एका माणसाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली. मुलगा काझुओ याला त्यांनी याच पाण्यात पोहायला शिकवले आणि त्याची इंग्रजीची शिकवणी सुटीतही चुकू दिली नाही. सेत्सु टोकियोत राहिल्या की रोज साध्या जपानी अक्षरांत चित्रे काढलेली पत्रे जात.

ओतोकिचींच्या घरात दारुमाची एक बाहुली होती. दारुमा म्हणजे भारतातून चीनला गेलेले भिक्षू बोधिधर्म. जपानमध्ये त्यांच्या बाहुलीचा एक डोळा कोरा ठेवतात आणि इच्छा पुरी झाली की तो रंगवतात. मुक्काम संपताना हर्न यांनी मागितल्यापेक्षा बरेच अधिक भाडे दिले. पुढे पाहतात तो बाहुलीला दुसरा डोळा आलेला! एका डोळ्यानिशी जगणाऱ्या लेखकाने हा प्रसंग १९०१ च्या पुस्तकात गंमतीने सांगितला आहे. आपल्या डोळ्याचा त्यात उल्लेखही नाही.

याइझूचा सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग बोन सणाचा. आपल्याकडील पितृपक्षाप्रमाणे या दिवसांत पूर्वज घरी येतात आणि शेवटच्या रात्री लहान दिव्यांच्या सोबतीने त्यांना समुद्रमार्गे निरोप दिला जातो. हर्न यांना झोप लागली आणि जाग आली तेव्हा दिवे दूर गेले होते. ते सरळ काळोख्या समुद्रात शिरले आणि पोहत त्या दिव्यांच्या ताफ्यापर्यंत गेले. वाऱ्याने विझत चाललेले, एकमेकांपासून दुरावत जाणारे ते दिवे त्यांनी जवळून पाहिले. अंधाराला घाबरणारे डब्लिनचे मूल रात्रीच्या समुद्रात एकटे पोहत होते.

आणखी एक प्रसंग सेत्सु यांच्या आठवणींत आहे. याइझूच्या किनाऱ्यावरची जिझोची एक मूर्ती भंगलेली पाहून हर्न यांनी ती नवी करून घेण्याचे आणि त्यावर काझुओचे नाव कोरण्याचे ठरवले. जिझो हा मृत बालकांचा देव, त्यावर जिवंत मुलाचे नाव अशुभ, असे सेत्सु यांनी कळवले. परंपरेचा आदर करणाऱ्या लेखकाला घरातल्या आईने परंपरा शिकवली. त्यांनी माफी मागून बेत सोडला आणि पत्रात रडणाऱ्या जिझोचे चित्र काढून पाठवले.

अखेरचा उन्हाळा

१९०३ मध्ये विद्यापीठाने हर्न यांची नेमणूक संपवली. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, जे पुढे जपानचे श्रेष्ठ कादंबरीकार झाले. १९०४ मध्ये हर्न वासेदा येथे शिकवू लागले, ‘क्वाइदान’ प्रसिद्ध झाले आणि ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन ते पुन्हा ओतोकिचींच्या माडीवर राहिले. तो अखेरचा उन्हाळा ठरला. २६ सप्टेंबर १९०४ रोजी टोकियोतील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय चोपन्न. झोशिगाया दफनभूमीत त्यांची समाधी आहे. नवऱ्याच्या आवडीच्या गोष्टी आठवताना सेत्सु यांनी उन्हाळा, समुद्र, पोहणे, सूर्यास्त आणि उराशिमा यांची नावे घेतली.

शिझुओकाहून रेल्वेने पाव तासात याइझू येते. आज ते खोल समुद्रातील मासेमारीचे, ट्यूना आणि बोनितो या माशांचे मोठे बंदर आहे. २००७ मध्ये तिथे हर्न यांचे स्मारक संग्रहालय उघडले. ओतोकिचींचे घर आइची प्रांतातील मेइजी-मुरा या वास्तुसंग्रहालयात हलवून जपले आहे. त्याच्या माडीवर समुद्राचा आवाज आता येत नाही. लेफकादात २०१४ मध्ये हर्न यांच्या नावाचे दालन झाले आणि ट्रामोरमध्ये २०१५ मध्ये त्यांच्या आयुष्याचा प्रवास मांडणारी जपानी बाग खुली झाली. आई ज्या बेटावरून त्याला घेऊन निघाली ते बेट, जिथे तो पोहायला शिकला तो किनारा आणि जिथे त्याने आपल्या मुलाला पोहायला शिकवले ते गाव, या तिन्ही ठिकाणांनी त्याला आपला म्हटले आहे.